बारा पाठकोरे कागद

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे, ओळ सरळ जात नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच धड कळलं नाही. चौथी पास झाले, मग लग्न होऊन करी रोडला आले, आणि पुढची दहा-बारा वर्षं हातात पेन्सिलसुद्धा धरली नाही. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. माझं लिहिलेलं दाखवायची वेळ आयुष्यात एकदाच आली आणि तेव्हा लाजेने मेले होते. पण ज्या माणसामुळे पुन्हा लिहायला लागले, त्याच्याबद्दल कुठेतरी चार ओळी असाव्यात असं फार दिवस मनात आहे. कागद मात्र पाठकोरेच घेतले आहेत. दोन्ही बाजूंनी कोरा कागद समोर आला की अजून वाटतं, अण्णा मागून विचारतील, "हा कुणाच्या खर्चाने, बाई?"

अण्णा म्हणजे गिरगावातल्या एका विमा कंपनीचे मुख्य हिशेबनीस. मी तिथे झाडलोट करायची आणि पाणी भरायची. त्यांचं पूर्ण नाव लिहीत नाही. कंपनीच्या कागदाशिवाय दुसरीकडे कुठे आपलं नाव असलेलं त्यांना आवडलं नसतं.

इमारत तीन मजली होती. तळमजल्यावर छापखाना, पहिल्या मजल्यावर विमा कंपनी आणि दुसऱ्या मजल्यावर रंगाच्या कारखान्याची कचेरी. कारखाना तिकडे परळला होता, पण त्याचे साहेब लोक इथे बसत. तिन्ही धंदे एकाच शेठचे; वरच्या कारखान्याचं त्यांचे एक पुतणे बघत. बाहेर पाटी वेगवेगळी, आत घर एकच. शेठ सकाळी गाडीतून उतरत आणि हसत हसत तिन्ही मजले चढत. दसऱ्याला आम्हा सगळ्यांना एकाच ताटातून पेढे वाटत. माणूस वाईट नव्हता. सगळं आपलंच आहे असं त्यांना मनापासून वाटे.

अण्णांना तसं वाटत नसे. विमा कंपनीतला पैसा शेठचा नाही, तो विमेदारांचा, आणि आपण त्यावर बसवलेले राखणदार, एवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात होती. बाकी सगळं त्या गोष्टीतून निघालेलं. लोकांना ते विक्षिप्त वाटत. मलाही आधी वाटले.

मी कामाला लागले तेव्हा पहिल्या मजल्याच्या बोळात पाण्याचा एकच माठ होता. वरचे, खालचे सगळे त्यातूनच पीत. माठ विमा कंपनीचा. एक दिवस अण्णांनी वर आणि खाली चिठ्ठी पाठवली, आपापले माठ आपापल्या खर्चाने आणावेत. सगळे हसले. पण आठ दिवसांनी बोळात तीन माठ उभे राहिले. अण्णांनी स्वतः खडूने त्यांच्यावर वि, का आणि छा अशी अक्षरं घातली. तेव्हापासून ते फक्त 'वि' मधलं पाणी पीत. एकदा दुसऱ्या मजल्याच्या भाड्यावरून वर जाऊन भांडत होते. इमारत विमा कंपनीची, आणि शेठनी कारखान्याला भाडं निम्मं लावून घेतलेलं. बोलता बोलता अण्णांना उचकी लागली. वरच्या खजिनदाराने त्यांच्या माठातलं पाणी पुढे केलं. अण्णांनी मानेनेच नको म्हटलं, उचक्या देत देत जिना उतरले, 'वि' मधला पेला प्याले, पुन्हा जिना चढले आणि जिथे थांबले होते तिथून भांडण पुढे सुरू केलं.

आमचा शिपाई मालवणकडचा. तो मला म्हणाला, "गे बाय, ह्या माणसाक तहान पण हिशेबान लागता!"

त्याच माठांची दुसरी गोष्ट मी कधी विसरणार नाही. आम्ही धम्म घेतला आणि आमच्या चाळीतले देव्हारे उतरले, त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. आम्ही कोण हे तेव्हा सगळ्यांना लगेच कळायचं आणि ते आम्हाला कळू देत. छापखान्यातला एक जुळारी, अक्षरांचे खिळे जुळवणारा, खालून वर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हिच्या हातचं पाणी आम्ही प्यायचं काय?" मी हंडा तसाच हातात धरून उभी राहिले. कुठे बघावं कळेना. अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "बरोबर आहे. तुमचा माठ वेगळाच आहे. तो तुम्ही भरा. आमचा बाई भरतील." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. मग चार दिवस तो जुळारी आणि त्याचे सोबती खालच्या नळावरून हंडे वाहत होते. पाचव्या दिवशी 'छा' माठाचं झाकण कुणीतरी गुपचूप काढून ठेवलं, मी भरावा म्हणून. मी भरला. अण्णांनी पाहिलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

ते मला "अहो बाई" म्हणत. शिपायालाही "अहो" म्हणत आणि शेठलाही. त्यांचं 'अहो' सगळ्यांना सारखं होतं.

त्यांच्या कोटाच्या खिशाला दोन टाक असत. एक कंपनीचा, एक स्वतःचा. गावाहून बहिणीचं पत्र आलं की मधल्या सुट्टीत खिडकीपाशी उभे राहून वाचत, कारण दिवा कंपनीचा. उत्तर लिहायला स्वतःचा टाक. एकदा घाईत चुकून कंपनीच्या टाकाने 'सौ. ताईस' एवढं लिहून गेलं, तर ते तसंच थांबले आणि एक पैसा कंपनीच्या पेटीत टाकला. शिपाई म्हणाला, "अण्णा, दोन शब्दांची शाई पैशाची होते?" ते म्हणाले, "नाही. पण पैशाहून लहान नाणं नाही."

त्या वर्षांत संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं. गिरगावातून रोज काहीतरी जायचं. मिरवणूक, घोषणा, पळापळ. आमच्या कचेरीतल्या कारकुनांची पोटं मोर्चाच्या दिवशी बरोबर दुखत आणि ते अर्धी रजा टाकून निघून जात. अण्णांनीही अर्ज दिला होता. मला शिपायाने वाचून दाखवला. "मोर्चास जाणे असल्याने अर्धा दिवस बिनपगारी रजा मिळावी." शेठनी बोलावून सांगितलं, "अहो, पोट दुखतं लिहा, पगार तरी कापायला नको." अण्णा म्हणाले, "पोट दुखत नाही." छत्री घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर झाले. छत्रीची एक काडी मोडलेली होती. कशी मोडली ते कुणी विचारलं नाही.

माझ्या लिहिण्याची सुरुवात पगाराच्या वहीपासून झाली. पहिल्या महिन्यात मी अंगठा पुढे केला. अण्णा म्हणाले, "चौथी झाली म्हणता, आणि अंगठा?" मी खाली बघितलं. ते म्हणाले, "अंगठ्याला शाई जास्त लागते. खर्च कंपनीचा. पुढच्या महिन्यापासून सही करा." मला वाटतं ते विनोद करत नव्हते. पण त्या दिवसापासून टेबलाच्या कोपऱ्यावर रद्दीतले पाठकोरे कागद माझ्यासाठी ठेवलेले असत. मागे इंग्रजी टंकलेलं, पुढे कोरं. त्याचीही त्यांच्याकडे किंमत ठरलेली होती, पैशाला दोन कागद. माझ्या नावावर लिहून ठेवत आणि पगारातून कापत. मी ते कागद सुईदोऱ्याने शिवून वही केली.

रोज सकाळी झाडून झालं की जिन्यात बसून लिहायची. काय लिहायचं ते सुचत नसे, म्हणून समोर दिसेल ते लिहायची. आज नळ दोन तास होता. वरचे पुतणेसाहेब जिन्यात पान थुंकतात, मला पुसावे लागते. अण्णा कधी कधी विचारत, "दाखवा पाहू, अक्षर कुठवर आलं." मी मान हलवायची. घरीसुद्धा नवऱ्याला दाखवलं नव्हतं. तो चिडवायचा, "काय लिहितेस गं, शेठविरुद्ध अर्ज?" तो गिरणीत होता. त्याने आमच्या कंपनीचा पाचशे रुपयांचा विमा उतरवला होता. अण्णांनी उतरवा म्हटलं नव्हतं, पण अण्णांना बघून मलाच वाटलं होतं की पैसे ठेवावेत तर या माणसाच्या हाताखाली.

रद्दीचा नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच आलं. तिन्ही मजल्यांच्या टोपल्या मी रिकाम्या करायची. अण्णांचा हुकूम होता की तीन गोणी वेगळ्या. एका मजल्याचा कपटासुद्धा दुसऱ्याच्या गोणीत जाता कामा नये. रद्दीवाला तीनदा वजन करी, तीन पावत्या देई आणि कपाळाला हात लावी. शेठ एकदा म्हणाले, "अण्णा, रद्दी हो ती! उजव्या खिशातून डाव्या खिशात गेली तर काय बिघडलं?"

अण्णा म्हणाले, "डावा खिसा तुमचा आहे, शेठ. पण उजवा ज्याला शिवलाय तो सदरा तुमचा नाही."

शेठ मोठ्याने हसले. पण दर वेळी हसत नसत. कारखान्याला पैसे लागले की ते विमा कंपनीतून काढायची त्यांची रीत होती. तारण जुजबी, व्याज कमी, मुदत लांबत जाणारी. एकदा असंच पंधरा हजाराचं काम घेऊन ते आणि त्यांचे पुतणे खाली आले. अण्णांनी नाही म्हटलं नाही. विमेदारांची मोठी नोंदवही आणली, शेठसमोर उघडली आणि टाक हातात दिला. "कुणाचे देऊ ते दाखवा."

"म्हणजे?"

"हा भायखळ्याचा फिटर, दोन हजार. ही दादरची नर्स, तीन हजार. ह्या लालबागच्या बाई, नवरा गेल्यावर मुलीसाठी हजाराचा उतरवलाय. पंधरा हजार व्हायला नऊ-दहा नावं लागतील. खुणा करा. तेवढ्यांना मी कळवतो."

पुतणे म्हणाले, "काय नाटक लावलंय!" पण शेठनी टाक खाली ठेवला. मी दाराशी पाण्याचा पेला घेऊन उभी होते. मला आठवतं, शेठनी पान उलटून पाहिलं, पुढचंही पाहिलं. मग वर निघून गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की विमा कंपनीत पैसा नसतोच, नावं असतात. त्या नावांत आमचंही एक होतं.

मग तो गडबडीचा आठवडा आला. गोळीबार झाला, संचारबंदी लागली, ट्राम-बस बंद. अण्णांच्या वाडीच्या तोंडाशी पोलीस, त्यामुळे ते दोन दिवस येऊ शकले नाहीत. मी करी रोडहून गल्लीबोळांतून चालत आले, पगार कापला जाऊ नये म्हणून. पहिला मजला रिकामा. दुसऱ्या मजल्यावर मात्र पुतणे आणि त्यांचा टंकलेखक दार लावून बसले होते. मशीन सारखं वाजत होतं. संध्याकाळी ते गेल्यावर मी वर झाडायला गेले. टोपली भरून वाहत होती.

माझे कागद संपले होते. आमच्या टोपलीत काही नव्हतं. वर इतके चांगले, जाड, मागे कोरे कागद. मी बारा उचलले. कारखान्याच्या टोपलीतले. नियम माहीत होता, तरी उचलले. चोरीच ती. घरी नेऊन वहीला शिवले आणि अण्णांना सांगितलं नाही.

अण्णा परत आले तेव्हा पैसे गेलेले होते. दोन लाख अडतीस हजार. शेठनी एकट्याच्या सहीने कारखान्याला दिले होते. कर्जाचा करार झाला होता, तो अण्णांनी पाहिला, आपला विरोध लिहून फाइलला लावला आणि फाइल कपाटात ठेवली. पण त्या दिवसापासून त्यांची चाल बदलली. जिना चढताना पायरीपायरीला तो आकडा पुटपुटत. दोन लाख अडतीस हजार, दोन लाख अडतीस हजार. मी झाडू बाजूला घेऊन भिंतीला टेकायची.

दोन-अडीच महिन्यांत बातमी आली. सरकारने सगळ्या विमा कंपन्या ताब्यात घेतल्या. आमच्याकडेही एक अधिकारी आले, तरुण, पुण्याकडचे, फार नेमकं बोलणारे. कपाटं उघडली, मोजणी सुरू झाली. ती फाइल नव्हती.

बँकेत दिसत होतं की पैसे कारखान्याला गेले. पण पुतणे म्हणू लागले, ते कर्ज नव्हतंच. कारखान्याने आधी विमा कंपनीच्या इमारतींना रंग दिला, दुरुस्त्या केल्या, त्याचं जुनं देणं चुकतं केलं. आता कुणी कुणाचं काही लागत नाही. करार आणा, मग बोला. कचेरीत कुजबुज होती की तिजोरी अशी पोकळ राहिली तर विमेदारांना पूर्ण मिळणार नाही, रकमा कापतील. नवरा घरी म्हणाला, "आपल्या पाचशेतले किती गं?" मला तो फिटर आठवला, ती नर्स आठवली, लालबागची ती बाई आठवली.

अण्णांना सगळे आकडे तारखेसकट पाठ होते. अधिकारी म्हणाले, "अण्णा, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण तुमची आठवण मी फाइलला लावू शकत नाही." अण्णा म्हणाले, "बरोबर आहे." त्या दुपारी ते जिन्यात बसलेले दिसले, जिथे मी बसायची त्या पायरीवर. 'वि' माठ सकाळपासून भरलेला तसाच होता. ते पाणीच प्याले नव्हते. मी पेला नेला तर म्हणाले, "राहू द्या, बाई. राखायला बसवलं होतं, राखलं नाही."

त्या दिवशी घरी जाऊन स्वयंपाकसुद्धा सुचेना. वही काढली, काही लिहावं म्हणून. पान उलटलं आणि मागे बगळा दिसला. रंगाच्या डब्यांवर असतो तो, कारखान्याचा बगळा. इंग्रजी मला येत नाही. पण बसच्या नंबरांमुळे इंग्रजी आकडे ओळखीचे होते. कागदाच्या मधोमध टंकलेलं होतं, दोन, तीन, आठ आणि मग तीन शून्यं. मी बोटाने पुन्हा पुन्हा वाचलं. पुढच्या कागदावरही तेच. एकावर तो आकडा होता आणि खाली शाईने काहीतरी खोडून बदललेलं, आणि शेजारी पुतणेसाहेबांची वळणदार आद्याक्षरं. ती मी रोज त्यांच्या टेबलावर बघायची.

सकाळी अण्णांच्या टेबलावर वही ठेवली. मागच्या आकड्यावर बोट ठेवलं. त्यांनी वही उलटी धरून मागची पानं वाचली. एकदा, दोनदा. करार टंकताना चुकलेले, बदललेले खर्डे होते ते. कर्ज, व्याज, मुदत, सगळं त्यांत होतं. मला वाटलं, आता ते धावत अधिकाऱ्यांकडे जातील.

त्यांनी विचारलं, "हे कागद कोणत्या टोपलीतले?"

मी सांगितलं. रडले.

"किती?"

"बारा."

"म्हणजे हे कारखान्याचे. विकत न घेता आपल्याला वापरता येणार नाहीत." त्यांनी वहीचा दोरा सोडला, ती बारा पानं वेगळी केली. "बारा कागद, सहा पैसे. दीड आणा. चूक तुमची आहे, बाई. पैसे तुमचेच लागतील."

मी पदराच्या गाठीतून दीड आणा काढून दिला. ते कागद घेऊन वर गेले, मी मागून. वरच्या खजिनदारापुढे त्यांनी गठ्ठा ठेवला. माझं अक्षर वर, टंकलेली बाजू खाली. म्हणाले, "आमच्या बाईंनी तुमच्या रद्दीतले बारा कागद नेले होते. हा दीड आणा. पावती द्या. आणि प्रत्येक कागदावर शिक्का मारा, उद्या कुणाचे म्हणून वाद नको."

खजिनदार हसायला लागला. आजूबाजूचेही हसले. "अण्णा, सरकार आलं तरी तुमची रद्दी सुटत नाही!" त्याने पावती फाडली आणि माझ्या वाकड्या अक्षरांवर धपाधप बारा वेळा बगळ्याचा शिक्का मारला. एकही कागद उलटला नाही. का उलटेल? अण्णांचं असलं वेड त्याने वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

अण्णांनी हे मुद्दाम केलं का, याचा मी आजवर विचार करते. माझं अक्षर वर ठेवलं ते ठरवून की सहज? मला कळत नाही. एवढं माहीत आहे की पुरावा नसता, नुसत्या कोऱ्या पानांवर भाजीचा हिशेब असता, तरीही ते दीड आणा द्यायला वर गेलेच असते.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांच्या खोलीत शेठ, पुतणे आणि त्यांचे वकील बसले. मलाही बोलावलं, कागद कुठून आले ते सांगायला. मी दाराला चिकटून उभी. वकिलांनी कागद पाहिले आणि बाजूला सारले. "हे आमचे कागदच नव्हेत. कुणीही टंकून आणावेत."

अण्णांनी दीड आण्याची पावती पुढे ठेवली.

अधिकाऱ्यांनी ती मोठ्याने वाचली. "रद्दी कागद नग बारा, किंमत दीड आणा, रोख पोचली." मग एकेक कागद उलटून शिक्के पाहिले. "तुमच्या खजिनदाराने हे तुमचे म्हणून विकलेत."

पुतणे उसळून म्हणाले, "त्याने न वाचता शिक्का मारला!"

"न वाचता शिक्के मारायची पद्धत आहे का तुमच्याकडे?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "आणि ही आद्याक्षरं? तीही न वाचता?"

अधिकारी मग कागदाची माझी बाजू वाचू लागले. "वरचे पुतणेसाहेब जिन्यात पान थुंकतात, मला पुसावे लागते." खोलीत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. पुतण्यांनी तोंडातलं पान गालात सरकवलं. मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पुढचा कागद त्यांनी मनातच वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने न वाचता अण्णांपुढे सरकवला. त्यावर काय होतं ते मला माहीत होतं. "अण्णा मला अहो बाई म्हणतात. माझ्या आईनेही मला कधी अहो म्हटले नव्हते."

अण्णांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "अक्षर वाचता येतं. तेवढं पुरे."

शेठनी ती पावती उचलून पाहिली. मग म्हणाले, "अण्णा, दीड आण्यात पकडलंत मला."

"पकडलं नाही, शेठ. विकत घेतलं."

शेठनी पावती खाली ठेवली. पुतण्यांकडे पाहिलंच नाही. अधिकाऱ्यांना म्हणाले, "हप्ते बांधून द्या. व्याजासकट फेडतो." वकील काही बोलू लागले तर त्यांनाही हाताने थांबवलं. मला वाटतं, त्यांना ती नोंदवही आठवली असावी. पण ते माझं वाटणं.

सगळे गेल्यावर अण्णा बोळात आले, 'वि' मधला एक पेला प्याले आणि मग कधी नव्हे तो दुसराही प्याले.

पुढे पाटी बदलली. माठही काढा म्हणाले, आता सगळं सरकारचंच. अण्णांनी माठ काढले नाहीत. मग ते निवृत्त झाले आणि मीही परळला दुसरीकडे काम धरलं. त्यांची बातमी शिपायाकडून कळे. निवृत्तीनंतरही दर हप्त्याच्या दिवशी ते कचेरीत जात, पैसे आले का विचारत आणि घरी जात.

मग महाराष्ट्र झाला. आमच्या चाळीत दिवे लावले होते, ते अजून काढले नव्हते. एका रविवारी छत्रीवाला एक म्हातारा जिना चढून आला. त्यांना आमची खोली कशी सापडली, कुणास ठाऊक. शेजारणी दारात. नवऱ्याने घाईने खुर्ची पुसली. मला काही सुचेना, म्हणून विचारलं, "अण्णा, पाणी देऊ?"

त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. "हा माठ कुणाचा?"

"आमचा."

"मग द्या."

सावकाश प्याले. पेला खाली ठेवून म्हणाले, "शेवटचा हप्ता शुक्रवारी आला. दोन लाख अडतीस हजार, वर सगळं व्याज. कुणाचा एक रुपया कापायला लागणार नाही." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी खिशातून एक छापील कागद काढला. "एक राहिलं होतं. ते बारा कागद तुम्ही दीड आण्याला घेतलेत आणि ते कंपनीच्या दप्तरात राहिले. म्हणजे कंपनी तुमचं देणं लागते. मंजुरीला चार वर्षं लागली. मधे नवे पैसे आले. दीड आण्याचे नऊ होतात. थोडं कमीच होतं, पण कोष्टक सरकारी आहे, माझा इलाज नाही. इथे सही."

त्यांनी टाक दिला. कोणता दिला ते मी पाहिलं, कंपनीचा होता. निवृत्तीनंतरही या एका कामासाठी मागून आणला असणार. मी सही केली. पूर्ण आली, नवऱ्याच्या नावासकट.

त्यांनी माझ्या हातावर पैसे ठेवले. "मोजून घ्या, बाई."

एक पाचाचं, दोन दोनाची. मोजले. पूर्ण होते.